पाऊणकी

भोगीच्या आदल्या दिवशी वाणसामानाची यादी करायला कागद हवा होता, म्हणून लेकीच्या फडताळातली एक जुनी चौकटीची वही ओढली. मागचं पान फाडायला वही उलटी केली आणि हात थांबला. मागच्या पानांवर पट्टीने रेघा आखलेल्या होत्या. वर मधोमध 'हजेरीपत्रक', डाव्या कोपऱ्यात 'इयत्ता ४ थी', उजव्या कोपऱ्यात 'महिना : डिसेंबर'. एक ते एकतीस रकाने आणि रविवारचे रकाने लाल पेन्सिलीने उभे रंगवलेले. अनुक्रमांक एकला तिचं स्वतःचं नाव, वडिलांच्या नाव-आडनावासकट. दोनला आजी. तीनला मनी, म्हणजे आमची मांजर. चारला शेजारची शेळी. पाचला 'आई (बाई)'. सहापासून बत्तीसपर्यंत नुसते आकडे. नावं नाहीत. पण त्या सत्तावीस रिकाम्या ओळींपुढे रविवार सोडून महिनाभर प्रत्येक चौकटीत एकेक 'ह' काढलेला. सातशेच्या वर 'ह', सगळे एकाच पेनाने, शेवटी शेवटी जरा तिरके झालेले. आजी पुण्याला आत्याकडे गेली होती ते तीन दिवस तिच्यापुढे 'गै' होता. मनी आठ दिवस गैरहजर होती. शेळीसुद्धा एकदा चुकली होती. नाव नसलेली ती सत्तावीस मुलं मात्र एकही दिवस चुकली नव्हती.

वही होती तशी ठेवून दिली. यादी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिली. कढईत तीळ तडतडत होते, ते करपले तेव्हा भानावर आले.

तिला काही विचारलं नाही.

दीड वर्ष झालं, ती घरी शिकते. ज्या शाळेत होती तिचं नाव घ्यायचं कारण नाही; तिथल्या बाई मायेच्या होत्या आणि त्यांच्या वर्गात मुलं फार होती. दुसरीत असताना लेकीने एक गणित तोंडी सोडवून नुसतं उत्तर लिहिलं. उत्तर बरोबर होतं, पण त्यावर लाल फुली आली, कारण शिकवलेली रीत दाखवली नव्हती. पुढच्या वेळेपासून ती उत्तर आधी मनात काढायची आणि मग त्या उत्तराला शोभेल अशी रीत रचून लिहायची. हे तिने मला मोठ्या हुशारीने सांगितलं. सात वर्षांच्या मुलीला एवढं कळलं होतं की कागदावर विचार करायचा नसतो, विचार केल्यासारखं दाखवायचं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे चार-सहा महिने घरात चर्चा, रुसवे, नातेवाइकांचे फोन हे सगळं झालं. तिसरीच्या जूनमध्ये आम्ही तिला शाळेत घातलं नाही.

घरी शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं, हे शोधताना मला ती जुनी युरोपीय पद्धत सापडली. व्याकरण, तर्क, वक्तृत्व या तीन विद्या आधी. मग अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल या चार. ग्रीक-रोमनांपासून चालत आलेली आणि मध्ययुगात तिकडच्या विद्यापीठांनी पक्की केलेली ही उतरंड. १९४७ साली डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने ऑक्सफर्डला एक निबंध वाचला आणि त्या तीन विद्या मुलांच्या वाढत्या वयाला जोडून दाखवल्या. त्या रहस्यकथा लिहायच्या, त्यामुळे मूल समोरच्याला कुठे पकडतं हे त्यांना नेमकं ठाऊक असावं. त्यांच्या मते आधी येतं पोपटाचं वय: जे कानावर पडेल ते मूल आनंदाने पाठ करतं, अर्थ नंतर येतो. मग उलट बोलायचं वय, मोठ्यांच्या बोलण्यातल्या चुका काढायचं. मग स्वतःचं काही सांगावंसं वाटण्याचं वय. अमेरिकेत घरी शिकवणारी कितीतरी कुटुंबं आज याच वाटेने जातात, लॅटिनसकट. हे वाचत असताना माझ्या कानात मात्र लॅटिन नव्हतं. माझ्या कानात आजोबांचा परवचा होता.

आजोबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की आम्ही भावंडं भिंतीला पाठ लावून ओळीने बसायचो. आधी शुभंकरोती, मग मनाचे श्लोक, मग पाढे, आणि पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे. गावात लाइट गेलेली असायची. कंदिलाची काच काजळलेली, तिचा रॉकेलचा वास, बाहेर गोठ्यातल्या म्हशीच्या साखळीचा आवाज, आणि आमचं एका सुरातलं डुलणं. 'सात पाऊण सव्वापाच' म्हणताना सगळ्यांची मान एकाच बाजूला जायची. धाकटा चुलतभाऊ मध्येच गळायचा, मग थोरली बहीण त्याला कोपराने ढोसायची आणि तो पुढच्या ओळीला पुन्हा आमच्यात यायचा. आजोबा डोळे मिटून ऐकत असायचे. कोण गळलं हे त्यांना बघावं लागत नसे. शाळेत पुढे त्याला 'घोकंपट्टी' म्हणून नाव ठेवलेलं ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. कारण जे पाठ झालं ते माझ्याबरोबर राहिलं, आणि जे मी नुसतं 'समजून घेतलं' त्यातलं पुष्कळसं गेलं. मंडईत दीड किलो कशाचाही हिशेब माझ्या तोंडून आपोआप बाहेर येतो, तेव्हा तो आकडा आजोबांच्या आवाजात येतो.

तेव्हा आमच्या घरची शाळा अशी बसली. सकाळी उठून अमरकोशाचे, म्हणजे श्लोकांतल्या जुन्या संस्कृत शब्दकोशाचे, दोन श्लोक, मग संस्कृतची रूपं, मग गणित. दुपारी वाचन, कधी पंचतंत्रातली एखादी गोष्ट ऐकून तिने तिच्या शब्दांत सांगायची. रात्री गच्चीवर नक्षत्रं: कृत्तिकांचा झुबका, रोहिणी, मृगाचा बाण. संध्याकाळी परवचा. कधी तिच्या मनासारखं जमायचं, कधी ती वैतागून पाटी आपटायची, कधी मीच स्वयंपाकघरातून उलट उत्तर द्यायचे. पण तिने 'का' विचारणं पुन्हा सुरू केलं होतं आणि तेवढ्यासाठी मी सगळं सोसायला तयार होते. रामः रामौ रामाः पाठ करताना एकदा ती अडली. 'एकाला एक रूप आणि खूप जणांना एक रूप, हे कळलं. पण दोघांसाठी वेगळं कशाला?' मी तिला 'सह नाववतु'मधला 'नौ' दाखवला. आम्हा दोघांचं रक्षण होवो. शिकवणारा आणि शिकणारा, दोघंच. मराठीने ते रूप कधीच टाकून दिलं, संस्कृतने जपलं. ती खूश झाली. 'म्हणजे तू नि मी,' म्हणाली. मलाही तेव्हा भरून आलं होतं.

हजेरीपत्रक बघितल्यापासून तो 'नौ' मला अडकायला लागला.

साताऱ्यात राहून मुलीला शाळेपासून लांब ठेवणं सोपं नाही, आणि ते लोक काय म्हणतील म्हणून नव्हे. राजवाड्याजवळून जाताना दर वेळी माझी पावलं जड होतात. तिथल्या तेव्हाच्या सरकारी, आणि आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. रजिस्टरचा क्रमांक १९१४. ते रजिस्टर जपून ठेवलेलं आहे आणि ७ नोव्हेंबर आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वर्गात सगळ्यांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसून शिकलेल्या त्या मुलाला त्या एका ओळीची किंमत किती असेल? इथून तासा-दीड तासावर खंडाळा तालुक्यात नायगाव आहे, जिथे १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या. कराडजवळच्या काल्यात १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाटीला हात लावला नव्हता त्यांची पोरं वसतिगृहात आणून एका पंगतीला बसवली. या जिल्ह्याने मुलांना शाळेच्या दारातून आत न्यायला एवढे कष्ट उपसले, आणि मी माझ्या मुलीचा हात धरून त्याच दारातून बाहेर आले. सासूबाई पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, 'आमच्या वेळेला पोरींना शाळेतनं काढायचे, तवा आम्ही रडायचो गं. तू शिकून-सवरून काढलीस?' त्या चौथीपर्यंत शिकल्या. बँकेत सही करताना अजून त्यांची जीभ दाताखाली येते आणि सही झाली की त्या कागद जरा लांब धरून बघतात. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही.

आणि ज्या जुन्या विद्येच्या ओढीने मी हे केलं तिचं दारही सगळ्यांना उघडं नव्हतं, हे मी विसरू शकत नाही. युरोपातल्या त्या सात विद्यांचं नावच मुळी 'स्वतंत्र माणसाच्या विद्या' असं होतं. गुलामांना त्या नव्हत्या. आपल्या पाठशाळांच्या ओट्यावर मुली नव्हत्या आणि बहुतेक जाती ओट्याच्या खालीही उभ्या राहू शकत नव्हत्या. माझी लेक आज अमरकोश म्हणते तो म्हणायला तिच्या खापरपणजीला कुणी दिला नसता. ही गोष्ट मी तिला सांगितली आहे. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग त्या दिवशीचे दोन्ही श्लोक तिने आजीला शिकवले. सासूबाईंचा उच्चार चुकत होता, ती पुन्हा पुन्हा म्हणून घेत होती. मी भाकऱ्या थापत ऐकत राहिले.

जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघी वाईला गेलो. ओळखीचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक तिथे असतात, त्यांना भेटायचं होतं. माझ्या मनात वाई म्हणजे प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, जे पुढे केवलानंद सरस्वती झाले, त्यांच्यापुढे बसून तिथे लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले, विनोबाही काही काळ येऊन शिकले. विद्यापीठाच्या चाकोरीबाहेर शिकलेल्या लक्ष्मणशास्त्रींनी पुढे याच गावात बसून मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. माझा युक्तिवाद तयार होता: बघा, शाळेवाचून काय घडू शकतं. ढोल्या गणपतीच्या घाटावर पायऱ्या उन्हाने कोमट झालेल्या होत्या. कृष्णेचं पाणी उतरलेलं, कडेला शेवाळाची हिरवी ओळ, एक बाई आपटून आपटून गोधडी धूत होती. सरांनी लेकीला नदी शब्द चालवायला सांगितला. तिने न अडखळता सातही विभक्त्या म्हटल्या. सरांनी मान डोलावली आणि विचारलं, 'तुझ्याबरोबर कोण म्हणतं?'

'आई,' ती म्हणाली. मग जरा थांबून, 'आणि मनी असते. पण ती म्हणत नाही.'

सर हसले नाहीत. त्यांनी तिला एक श्लोक सांगितला.

आचार्यात् पादमादत्ते पादं शिष्यः स्वमेधया ।
पादं सब्रह्मचारिभ्यः पादं कालक्रमेण च ॥

शिष्य पाव हिस्सा गुरूकडून घेतो, पाव स्वतःच्या बुद्धीने मिळवतो, पाव बरोबर शिकणाऱ्यांकडून, आणि उरलेला पाव जसजसा काळ जातो तसतसा. मी हा श्लोक कॉलेजात पाठ केलेला होता. एका परीक्षेत त्याचा अर्थही लिहिला होता. पण 'सब्रह्मचारिभ्यः' या शब्दावर माझी नजर त्या दिवसापर्यंत कधी ठरली नव्हती. प्राज्ञपाठशाळेत शास्त्रीबुवांपुढे कुणी एकटं बसलेलं नव्हतं. आजोबांच्या परवचाला आम्ही सात जण होतो. तिकडच्या पद्धतीतलं तर्काचं आणि वक्तृत्वाचं सगळं शिक्षण समोर कुणीतरी आहे, तो आपलं म्हणणं खोडून काढणार आहे, हे गृहीत धरूनच चालतं. पुस्तकं, क्रम, विषय हे सगळं मी नीट उचललं होतं. ओळीत बसलेली माणसं तेवढी राहून गेली होती.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. बोटांनी काहीतरी मोजत होती. पाचवडला गाडी थांबली तेव्हा वळून म्हणाली, 'आई, पाद म्हणजेच पाव ना? एक पाव तू, एक पाव मी, एक पाव काळाचा. तीन पाव पाऊण. म्हणजे माझं पाऊणच होतंय.' मी तिला सांगितलं की पाऊण हा शब्दही तिथूनच आला आहे, पाद-ऊन, पावाने उणा. तिला ते इतकं आवडलं की साताऱ्यापर्यंत ती पाऊणकी म्हणत राहिली. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, त्रिक पाऊण सव्वादोन. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी तिसऱ्या ओळीपासून तिला साथ दिली. मी खिडकीबाहेर बघत होते. तिने तक्रार केलीच नव्हती. तिने फक्त गणित केलं होतं, आणि ते बरोबर होतं.

फेब्रुवारीतली एक सकाळ. मी नुकतंच तिला अनुमान शिकवायला घेतलं होतं. तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या जुन्या संस्कृत पुस्तकातलं ते प्रसिद्ध उदाहरण: डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. आमच्या गच्चीवरून यवतेश्वरचा डोंगर समोर दिसतो आणि उन्हाळा लागायच्या सुमाराला त्याच्यावर वणवे लागतात, म्हणून हे उदाहरण तिला फारच जवळचं वाटलं होतं. त्या दिवशी डोंगराच्या कुशीत पांढरट काहीतरी लोंबत होतं. ती कठड्याला टेकून ठणठणीत आवाजात पाचही अवयव म्हणायला लागली. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जशी चूल, हे उदाहरण. हा डोंगर तसाच धुराचा आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. मी कपडे वाळत घालत होते. कौतुकाने 'शाब्बास' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आवाज आला.

'त्ये धुकं हाय.'

शेजारचा मुलगा. नगरपालिकेच्या शाळेत सहावीला आहे. एका हातात टूथब्रश, तोंडाला फेस.

'धूर आहे,' लेक म्हणाली. 'धुकं सगळीकडे असतं. हे एकाच जागी आहे.'

'तिथं वघळ हाय. वघळीत धुकं बसतंच की.'

'पण पांढरं आहे ना, दाट.'

'मग धूर काळाच असतो व्हय? आमच्या मामाच्यात पाचट पेटवल्यावर पांढराफेक निघतो.'

'बघ, म्हणजे धूर पांढरा असतो. मग हा धूर असू शकतो.'

तो जरा गोंधळला. ब्रश काढून विचार केला. 'असू शकतो. पण धूर वर जातो. त्ये खाली सरकाय लागलंय. थांब, ऊन येऊ दे. ऊन आलं आन् गेलं तर धुकं.'

दोघंही आपापल्या कठड्याला टेकून थांबली. मीही ओलं कापड हातात धरून थांबले. कारण खरं सांगायचं तर मलाही तो धूरच वाटला होता. हेतूच जागेवर नसेल तर अख्खं अनुमान कोसळतं, त्याला जुन्या तार्किकांनी 'असिद्ध' असं नाव दिलेलं आहे, वाफेला धूर समजण्याचं उदाहरणही तिथे येतं. ते पुढच्या महिन्यात शिकवायचं असं मी ठरवलं होतं. ऊन चढत गेलं. डोंगराची सोंड आधी पिवळी झाली, मग ती घळ उजळली, आणि ते पांढरं वरून विरत विरत नाहीसं झालं. मागे वाळकं गवत आणि दोन आपट्याची झाडं तेवढी दिसली. तो काही बोलला नाही, चूळ भरायला खाली गेला. लेक जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत आजीकडे पळाली. 'आजी, आजी, मी हरले!' असा आनंद मी तिच्या आवाजात दीड वर्षात ऐकला नव्हता. मी तिला कधी हरवलंच नव्हतं. माझं आणि तिचं एकच मत असायचं, कारण तिचं मत माझ्याकडूनच आलेलं असायचं.

तेव्हापासून तो संध्याकाळी परवच्याला येतो. मी बोलावलं नाही, तिनेच बोलावलं. कधी धाकट्या बहिणीला घेऊन येतो. त्याला दिडकी येत नाही, पण भुईमुगाच्या शेंगांचं पोतं नुसतं उचलून तो वजन सांगतो आणि फार चुकत नाही. मनाचे श्लोक म्हणताना तो शेवटचा शब्द ओढतो, त्यामुळे लेकीचा सूर बिघडतो आणि ती चिडते. जूनमध्ये पाचवीचा प्रश्न उभा आहे. आम्ही दोघं रोज रात्री त्यावर बोलतो. तिला त्याच नगरपालिकेच्या शाळेत घालावं आणि बाकीचं घरी करावं, की असंच ठेवून पुढे सतरा नंबरच्या फॉर्मने, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसून, दहावी करावी, हे अजून ठरत नाही. सासूबाईंचं मत सगळ्यांना माहीत आहे, त्या ते आता बोलून दाखवत नाहीत. लाल फुलीची ती वही मी अजून टाकलेली नाही. ती बघितली की माझा पाय पुन्हा मागे येतो.

काल तिच्या फडताळात पट्टी शोधत होते. ती चौकटीची वही वरच होती, या वेळी मी मुद्दाम उघडली. 'महिना : मार्च'. रविवारचे रकाने लाल. शेळीचं नाव खोडलेलं, ती संक्रांतीनंतर विकली गेली. बत्तीसपर्यंतचे आकडे होते, पण खालच्या चौकटी कोऱ्या होत्या, एकाही 'ह'शिवाय. सहा नंबरला शेजारच्या मुलाचं पूर्ण नाव, सातला त्याच्या बहिणीचं. सात नंबर रोज हजर. सहा नंबरपुढे सोमवारी 'गै', मंगळवारी 'गै'. मंगळवारचा 'गै' जोरात गिरवलेला, कागद मागून उठला होता.

'आई,' ती दारातून म्हणाली. 'तो दोन दिवस का आला नाही, विचारून येऊ?'

दिवा लागायची वेळ झाली होती. मी म्हटलं, 'जा. पण लवकर ये, परवचा राहील.' ती चप्पल न घालताच गेली.